गुहागरचे मीठ आणि कुंभार्लीचा उतार

वाचकहो, कोकणातून देशावर चढायला वाटा पुष्कळ. उत्तरेकडून मोजत आलात तर वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, फोंडा अशी नावे लागतात आणि प्रत्येक घाटाच्या पायथ्याला आपल्याच घाटाची बाजू घेणारी माणसे भेटतात. आम्ही कुंभार्लीवाले. गुहागरला समुद्रापाशी सुरू होणारा रस्ता चिपळूणवरून येतो, कुंभार्ली चढतो आणि पाटण, कराड, विटा, जत करीत थेट विजापूरला जातो. त्या रस्त्याने आज तुम्हाला न्यायचे आहे. जाताना मासळीबरोबर जाऊ आणि येताना कांद्याबरोबर येऊ.

हा रस्ता हौशी प्रवाशांपेक्षा मालाचा आहे. समुद्रकाठचे वर जाते, घाटावरचे खाली येते. मासळी, नारळ, सुपारी, वैशाखात आंबा, हे वर. कांदा, बटाटा, भाजी, गूळ, जनावरांची पेंड, हे खाली. पूर्वी यासाठी ट्रक लागे आणि ट्रक असे तो तालुक्याच्या एखाद्या व्यापाऱ्याकडे. आता वाडीवाडीत पिकअप उभी आहे. कुणी बँकेचे कर्ज काढून घेतली, कुणी जुनी घेतली. ती सकाळी मासळी नेते, दुपारी खत आणते, लग्नसराईत मांडवाचे बांबू वाहते, आणि सुट्टीच्या दिवशी तिच्याच हौद्यात सतरंजी अंथरून घरची माणसे जेजुरीला किंवा कुलदैवताला निघतात. मालाच्या गाडीत माणसे बसवायला कायद्याची परवानगी नाही, हे सर्वांना माहीत आहे. तरी बसतात, हेही तुम्हाला माहीत आहे. म्हणून या गाडीच्या पोटाखाली काय चालले आहे, हा प्रश्न एकट्या ड्रायव्हरचा राहत नाही.

घाटात अपघात झाला की वर्तमानपत्रात ठरलेले वाक्य येते, ‘ब्रेक निकामी झाल्याने’. घाटाचे नाव येते, वळणाचे येते. ब्रेक निकामी कुठे झाला, हे मात्र त्यात नसते. माझे मत विचाराल तर पुष्कळ गाड्यांचा ब्रेक घाटात निकामी होतच नाही. तो खाली, समुद्रकाठी, दोन-चार वर्षे हळूहळू होत असतो. घाटात फक्त ते कळते. कसे ते बघायला गुहागरपासूनच निघावे लागेल.

गुहागरचा किनारा लांबलचक आणि सरळ. काठाला सुरूची झाडे, मागे नारळी-पोफळीच्या बागा, बागांच्या मधून गेलेली लांबट आळी, मध्ये व्याडेश्वराचे देऊळ. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो तो अंगाला चिकट लागतो. नवख्या माणसाला तो सुखाचा वाटतो. इथल्या माणसाला विचारा. खिडकीचे गज, विहिरीचा रहाट, सायकलची साखळी, गोठ्याचा पत्रा, एकूण एक लोखंड या वाऱ्याने खाल्लेले. घाटावर वीस वर्षे टिकणारा पत्रा इथे त्याच्या निम्माही टिकेल याची खात्री नाही. ज्याची ऐपत आहे तो फाटकाला दर दिवाळीला रंग काढतो. ज्याची नाही तो लाकडी बेडे घालतो, आणि ते जास्त शहाणपणाचे.

मासळीची खेप भरताना एकदा जरूर पाहा. असगोली किंवा वेलदूरकडून टोपल्या येतात, क्रेटमध्ये बर्फाचा थर, मासळीचा थर, पुन्हा बर्फ. क्रेट एकावर एक चढतात. गाडी अजून जागची हललेली नसते आणि हौद्याच्या सांध्यांतून पाणी ठिबकायला लागते. हे पाणी साधे नव्हे. त्यात समुद्राचे मीठ आहे, मासळीचे रक्त आहे. ते चेसिसवर पडते, मागच्या आसावर पडते, पाट्यांवर पडते. कराडला पोहोचेपर्यंत ते ठिबकतच असते. खेप संपली की हौदा स्वच्छ धुतात, नाहीतर वास जात नाही. खालची बाजू कोण धुणार? तिथे वास येत नाही.

त्या खालच्या बाजूला एक नळी आहे. मुद्दाम सांगतो, कारण गाडी असलेल्या घरांतसुद्धा ती पाहिलेली माणसे थोडी. ड्रायव्हर ब्रेकच्या पेडलवर पाय देतो तेव्हा त्याच्या पायाचा जोर चाकापर्यंत कुठल्या दांडीने जात नाही, तेलाने जातो. पेडलपुढे मास्टर सिलिंडर असतो, त्यातला दट्ट्या ब्रेक ऑइल ढकलतो, ते तेल पोलादी नळीतून चारही चाकांकडे जाते आणि तिथे चाकाला आवळणारे भाग दाबते. चाकाजवळ थोडी रबरी नळी असते, बाकी सगळी पोलादी. जाडी केवढी? बॉलपेनच्या रिफिलपेक्षा जास्त, शिसपेन्सिलीपेक्षा कमी. तिच्या भिंतीची जाडी तर पाऊण मिलिमीटरच्या आसपास.

आता तुमच्या फवारणीच्या एचटीपी पंपाची आठवण करा. त्याचा काटा पंचवीस-तीस किलोवर असतो तेव्हा नळी कशी टणक होते, हाताला कळते. ड्रायव्हरने घाबरून ब्रेक दाबला तर या बारीक नळीत दर चौरस सेंटीमीटरला शंभर किलोच्या घरात दाब येऊ शकतो. एचटीपीची जुनी नळी कधी फुटते? पाणी मोकळे वाहत असते तेव्हा नाही. नोझल बंद केले, दाब चढला, की फुटते. ब्रेकच्या नळीचे तेच आहे. सपाट रस्त्यावर हलका पाय दिला तर कुजलेली नळीही बिचारी निभावून नेते. वळणावर समोर एसटी आली, पाय जोराने पडला, की त्याच क्षणी ती फुटते. ज्या क्षणी ब्रेक सर्वांत जास्त हवा, नेमका तो क्षण. म्हणून ‘कालपर्यंत ब्रेक उत्तम होता’ हे प्रत्येक ड्रायव्हर सांगतो. तो खोटे बोलत नसतो.

गुहागरहून चिपळूण सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. रस्ता चढ-उताराचा, दोन्ही अंगांना काजूच्या आणि आंब्याच्या बागा, मध्ये जांभा दगडाचे सडे. चिपळूण वाशिष्ठीच्या काठचे गाव. ही नदी उन्हाळ्यातही वाहती दिसते, त्याचे कारण वर पोफळीला आहे, तिथे जाऊच. या नदीने २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडवले ते तुम्ही ऐकले असेल. बाजारपेठेत माळ्यापर्यंत पाणी होते. माणसांचे हाल सांगायला नकोत, पण त्या पुरात उभ्या गाड्याही बुडाल्या. पूर ओसरल्यावर इंजिने खोलली, गाद्या बदलल्या, वायरी बदलल्या. आत शिरलेले पाणी सगळ्यांनी पाहिले. खाली चेसिसच्या खाचांत, नळ्यांच्या क्लिपांमागे बसलेला गाळ पुष्कळांच्या ध्यानातच आला नाही. गाळ ओल धरतो आणि ओल लोखंड खाते.

चिपळूण सोडले की शिरगाव, अलोरे, पोफळी. समोर सह्याद्री भिंतीसारखा उभा राहतो. पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजघर आहे. कोयना ही वास्तविक कृष्णेची बहीण, तिने पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायचे. धरण बांधून तिचे पाणी डोंगर फोडून पश्चिमेला आणले, ते उंचावरून पाडून वीज केली, आणि काम झाल्यावर ते वाशिष्ठीत सोडले. म्हणून वाशिष्ठी उन्हाळ्यात कोरडी पडत नाही. देशावरचे पाणी कोकणात येते, आणि कोकणचे मासे देशावर जातात. चांगली देवघेव आहे.

इथून घाट. पायथा ते माथा सुमारे दोन हजार फूट चढायचे. भरलेली पिकअप दुसऱ्या गिअरला कण्हत जाते, क्लीनर पोरगा झोपी जातो, ड्रायव्हर गाणे लावतो. चढताना ब्रेकचे काम फारसे नसते, म्हणून चढताना कुणाला ब्रेक आठवतही नाही. पावसाळ्यात मात्र इथे धुके असे उतरते की पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही. या पट्ट्यात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस. माणदेशातल्या वाचकांनी आपल्या पावसाशी तुलना करून बघावी आणि मग कुणाचे सुख जास्त ते ठरवावे.

माथ्यावर हवा बदलते. चिकटपणा जातो. हेळवाकला चहा घ्या. डाव्या हाताला कोयनानगर, धरण, मागे पसरलेला शिवसागर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे भूकंप झाला, त्याच्या आठवणी जुनी माणसे अजून सांगतात. पुढे कोयनेच्या काठाकाठाने पाटण येते, लांब पठारावर वनकुसवड्याच्या पवनचक्क्या फिरताना दिसतात, उसाचे मळे सुरू होतात, आणि चिपळूण सोडल्यापासून नव्वद-एक किलोमीटरवर कराड. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. वेळ असेल तर घाटावर अर्धा तास बसा.

माझा भाचा या रस्त्याला आठवड्यातून चार वेळा असतो. चुलतबहिणीचा मुलगा, पस्तिशीचा, हाताने कष्टाळू आणि गाडी चालवायला सावकाश. त्याची पिकअप २०१८ सालची. तीन पावसाळे मासळीचे पाणी तिने अंगावर घेतले, चौथ्या पावसाळ्यात, म्हणजे २०२१ च्या पुरात, ती चिपळूणला सासुरवाडीच्या अंगणात दीड दिवस बुडाली. तिचे इंजिन दुरुस्त झाले आणि ती पुन्हा रस्त्याला लागली.

मार्च २०२४ ची गोष्ट. कराडला मासळी उतरवून त्याने कांदा भरला. बायको आणि चार वर्षांची मुलगी पाटणला एका लग्नाला गेल्या होत्या, त्यांना वाटेत घेतले. दोघी पुढे केबिनमध्ये. हेळवाकला चहा झाला. सूर्य मावळायला आला होता. घाट उतरायला लागल्यावर त्याने गाडी दुसऱ्या गिअरला टाकली, आणि ही एक सवय पुढे उपयोगी पडली. तीन-चार वळणे झाली. एका आंधळ्या वळणावर खालून एसटी अगदी मध्यावरून आली. त्याने जोराने ब्रेक दाबला. आधी गाडी आवळली, आणि मग, तो सांगतो, “मामा, पायाखालची पायरीच निघून गेली असं वाटलं. पेडल खाली फळीला टेकलं.”

एसटी बोटभर अंतरावरून निघून गेली. गाडी थांबली नाही. मागे सव्वा टन कांदा. उजव्या हाताला दरी, डाव्या हाताला डोंगर आणि डोंगराच्या पायाशी गटार. त्याने पाय उचलून पेडल पुन्हा पुन्हा मारले, दुसऱ्या-तिसऱ्या दणक्याला थोडा जोर आला. गिअर पहिल्यावर ओढला, इंजिन किंचाळले. हातब्रेक एकदम न ओढता दोन-तीनदा ओढला, सोडला, ओढला. मग डावीकडची चाके गटारात घातली. दरवाजा डोंगराला घासत गेला, एक दिवा फुटला, आरसा गेला, आणि गाडी एका दरडीच्या ढिगाला टेकून उभी राहिली. मुलीच्या कपाळाला टेंगूळ आले. बाकी कुणाला काही नाही. त्याच्या बायकोने मुलीला पदराखाली घेतले ते चिपळूण येईपर्यंत सोडले नाही.

गाडी टो करून चिपळूणला एका मिस्त्रीकडे आणली. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो होतो. मिस्त्री वयस्क, बोलायला कमी. त्याने खाली झोपून मागच्या आसावरच्या नळीचा वीतभर तुकडा कापून काढला आणि माझ्या हातात दिला. वरून काळी, बरी दिसत होती. “आता ही क्लिप होती ना, तिच्याखालची जागा बघा,” तो म्हणाला. क्लिप म्हणजे नळीला चेसिसशी धरून ठेवणारी पट्टी. तिच्याखाली नळीचे पापुद्रे सुटले होते, शिळ्या भाकरीसारखे. मधोमध सुईच्या नेढ्याएवढे भोक. एवढ्याशा भोकातून सगळे तेल गेले होते. “क्लिपच्या मागे चिखल बसतो, मीठ बसतं, वाळतच नाही. उघड्यावरची नळी टिकते, झाकलेली सडते. आणि लोक उघडी बघून जातात.”

मग गाडी पूर्ण कशी सुटली नाही? तर गाडीच्या ब्रेकचे दोन वेगळे भाग केलेले असतात. या गाडीत पुढच्या दोन चाकांचा एक, मागच्या दोन चाकांचा एक. मागची नळी फुटली तरी पुढच्यांचे तेल शाबूत राहिले, म्हणून पुन्हा पुन्हा पेडल मारल्यावर थोडा जोर आला. हातब्रेक तर तेलावर नसतोच, तो तारेवर असतो, म्हणून तोही चालला. पण निम्म्या ब्रेकने आणि सव्वा टन वजनाने उतारावर थांबायचे म्हणजे काय, ते तुम्हीच समजून घ्या. जर गाडी त्या वेळी चौथ्या गिअरला किंवा न्यूट्रलला असती तर ही हकिकत मी तुम्हाला सांगत बसलो नसतो.

डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारे महाभाग आहेत, त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलतो. इंजिन बंद झाले की ब्रेकला मदत करणारा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, पेडल दगडासारखे होते, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. पुण्याच्या नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ ला एका मालगाडीने उतारावर चाळीसहून अधिक वाहनांना ठोकरले, तेव्हाही इंजिन बंद करून गाडी उतरवल्याचे पोलिसांच्या प्राथमिक तपासात बोलले गेले. कितीचे डिझेल वाचते हो?

मिठाने नळी खाण्याचे हे दुखणे एकट्या कोकणाचे नाही. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचतो. तो वितळावा म्हणून तिथे रस्त्यावर मीठ टाकतात, गाड्यांच्या चाकांनी ते खाली उडते. तिथल्या जुन्या पिकअपच्या ब्रेकच्या नळ्या अशाच सडून फुटल्याच्या तक्रारी झाल्या, सरकारी रस्तासुरक्षा खात्याने काही वर्षे चौकशी केली, आणि एप्रिल २०१५ मध्ये ती बंद करताना गाडीमालकांना सल्ला दिला : खालची बाजू धुवा, नळ्या तपासून घ्या, पापुद्रे दिसले तर सगळ्या नळ्या एकदम बदला. एवढा मोठा तो देश, एवढे शास्त्रज्ञ, आणि शेवटी सल्ला काय, तर खालून धुवा. आमच्या चिपळूणचा मिस्त्रीही तेच सांगत होता.

समुद्र लांब असलेल्या वाचकांनी मात्र ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणू नये. मीठ फक्त समुद्रात नसते. तुम्ही गाडीतून पोत्याने पोटॅश आणता, म्युरेट ऑफ पोटॅश, ते क्षारच आहे. फुटक्या पोत्यातून सांडलेले खत हौद्याच्या फटीतून खाली जाते आणि दवाने ओले होते. बैल, म्हशी, शेरडे बाजाराला नेता, त्यांचे मूत जाते कुठे? शेणखताचा रस जातो कुठे? सगळे त्याच नळीवर.

भाच्याने नंतर सगळ्या पोलादी नळ्या बदलल्या, एकच फुटली होती तरी सगळ्या. मिस्त्रीने आग्रह धरला आणि तो बरोबर होता. शेजारची नळी तेवढ्याच वयाची, तेवढेच मीठ खाल्लेली. खर्च किती आला ते सांगत नाही, गाडीगाडीप्रमाणे बदलतो, पण दरवाजा-दिवा-आरशाच्या खर्चापेक्षा कमीच आला. काही ठिकाणी फुटका तुकडा कापून मध्ये जोड देतात, कुणी रबरी नळी चढवून तारेने आवळतात. असला जोड घेऊन मळ्यापर्यंतसुद्धा जाऊ नका. फ्रिजची तांब्याची नळी वापरणारेही भेटतील. ती वाकवायला सोपी असते, पण सततच्या हादऱ्याने तडकते. ब्रेकसाठी बनवलेलीच नळी मागा. वरून प्लॅस्टिकचा लेप दिलेली पोलादी मिळते, तांबे-निकेलच्या मिश्रधातूचीही मिळते. ही दुसरी गंजत नाही म्हणून समुद्रकाठी फार कामाची.

घरी करण्याजोगे काय, असे तुम्ही विचाराल. धुणे तर झालेच, पण गोड्या पाण्याने. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्या पाण्याने धुऊन उपयोग नाही, उलट नुकसान. खाली जळके ऑइल मारायची आपल्याकडे चाल आहे. पोलादाला ते चालते, पण चाकाजवळच्या रबरी नळीला ते लागले तर रबर फुगते, आणि चाकाच्या आत लायनरला लागले तर ब्रेक धरत नाही. म्हणून पोराच्या हातात डबा-ब्रश देऊन ‘मार सगळीकडे’ म्हणू नका. ब्रेक ऑइलच्या डबीत इंजिनचे तेल तर थेंबभरही नको, आतली रबरे फुगून सगळा सरंजाम निकामी होतो. शिवाय ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. जुन्या झालेल्या तेलात पाणी मुरते, नळी आतूनही गंजते, आणि लांब उतारावर चाके तापली की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल पोकळ लागते. दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे.

डबीतली पातळी आठवड्याला बघा. ती उतरत असेल तर तेल कुठेतरी जात आहे किंवा लायनर झिजले आहेत, दोन्हींपैकी एक आहेच. वरून तेल ओतून गाडी काढणे म्हणजे कळशीला भोक असताना विहिरीवर जास्त खेपा घालणे. आणि घाटाला निघण्याआधी अंगणातच एक करून पाहा. गाडी उभी, इंजिन चालू, पेडल पूर्ण जोराने दाबून अर्धा मिनिट धरा. हळूहळू खाली बसायला लागले तर गाडी हलवू नका. नळी फुटायचीच असेल तर अंगणात फुटू दे.

पासिंगवर भरवसा ठेवणारे म्हणतील, सरकारी तपासणी होतेच की. होते. पण आठ वर्षांपर्यंतच्या मालगाडीची ती दोन वर्षांतून एकदा होते, त्यानंतर दर वर्षी. मधल्या काळात किती खेपा, किती पावसाळे, ते तुमचे तुम्ही मोजा. आणि पासिंगच्या दिवशी क्लिप काढून कोण बघतो?

घरातल्या बायकांना मुद्दाम सांगतो. गाडीच्या बाबतीत आपल्याला काय कळते, असे म्हणून गप्प बसू नका. माझी सूनबाई, म्हणजे या भाच्याची बायको, तिला मास्टर सिलिंडर कुठे असतो ते आजही ठाऊक नाही. पण गाडीत पाय ठेवण्याआधी ती विचारते, “खाली वाकून बघितलंत का?” तो कुरकुरतो. मग बॅटरी घेऊन वाकतो.

तुम्ही या वाटेने येणार असाल तर पावसाळा उतरल्यावर, दिवाळीच्या पुढेमागे या. धबधबे बारीक झालेले असतात पण डोंगर हिरवा असतो, धुके सकाळी लवकर निवळते, हेळवाकहून खाली पाहिले तर दरी तळापर्यंत स्वच्छ दिसते. कराडकडून येत असाल तर माथ्यावर गाडी जरा थांबवा, चाके थंड होऊ द्या, आणि ज्या गिअरला गाडी चढली असती त्याच गिअरला उतरवा. घाटात मागून हॉर्न वाजवणाऱ्याला हात दाखवून पुढे जाऊ द्यावे. चिपळूणला जेवायला मासे ताजे मिळतात, गुहागरला त्याहून ताजे. किनाऱ्यावर गाडी नेण्याचा मोह मात्र कुणाला झाला तर आवरा. ओल्या वाळूत चाके रुततात, भरती चढते, आणि बाकीचे काम समुद्र करतो.